म्हैस दूध चोरते तेव्हा

नात आठवीत गेली आणि शाळेतून आली की थेट न्हाणीत शिरू लागली. आधी मी लक्ष दिलं नाही. पोरगी वयात येतेय, आरशापुढं उभी राहणार, दोनदा अंघोळ करणार, असं धरून चालले. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात, सकाळी डबा घेऊन जातात ते दिवे लागल्यावर येतात. दुपारी घरात मी आणि दोन म्हशी.

एकदा पाणी बंद होईना म्हणून मी दार ढकललं. पाय घासायची वजरी घेऊन ती कोपरापासून मनगटापर्यंत हात घासत होती. कातडं सोललं होतं. रक्त पाण्याबरोबर मोरीत चाललं होतं.

"काय करतीस गं?"

"वास येतोय."

"कसला?"

"म्हशीचा. जात न्हाय."

मी हात हुंगला. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता.

आमचा धंदा असा की संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेच्या दूधकट्ट्यावर न्यायच्या आणि उभ्या माणसासमोर ग्लासात धार काढून द्यायची, फेसासकट, कोमट. नात लहानपणापासून माझ्याबरोबर येते. ती कासेवरून हात फिरवते, म्हैस पान्हा सोडते, मग मी धार काढते. थोरली म्हैस तर तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

त्या संध्याकाळी थोरलीनं दूध चोरलं. म्हणजे वर ओढून धरलं, सडात थेंब येईना.

"मावशी, म्हस संपावर हाय व्हय?" एक गिऱ्हाईक म्हणालं. बाकीचे हसले.

मी नातीचा हात धरला. गार होता. ती रस्त्यापलीकडं बघत होती. तिथं तिच्याच शाळेच्या तीन पोरी उभ्या होत्या. एकीनं मोबाईल आमच्याकडं धरला होता.

घरी आल्यावर मी पाठ सोडली नाही, तेव्हा तिनं सांगितलं. ती वर्गात शिरली की त्या तिघी नाक धरतात. बाईंनी प्रश्न विचारला आणि ती उभी राहिली की मागून म्हशीगत रेकतात. दप्तरात वैरण कोंबतात. शेजारी कुणी बसत नाही.

"तुझ्या बाईंस्नी सांगतो मी."

"सांगितलंस तर बघ. मग मी ऱ्हाणारच न्हाय."

"कुठं जाणार हाईस?"

ती उठून गोठ्यात गेली. पुन्हा विचारायचं मला धाडस झालं नाही.

बाईंना न सांगता हे मिटवायचं तर कसं? मला माझ्या धंद्यातलंच सुचलं. त्या तिघींतल्या म्होरकीचा बाप आमचं जुनं गिऱ्हाईक. आपल्या हातची धार ज्यानं समोर उभं राहून प्याली तो घरचा माणूस, असं आम्ही धरतो. पुढच्या रविवारी तो पोरीला घेऊन आला. नातीला मी घरीच ठेवलं होतं. मोठा ग्लास काठोकाठ भरून पोरीच्या हातात दिला.

"माझी नात तुझ्याच वर्गात हाय की. सांभाळून घे गं बाळ."

"हो आजी," ती म्हणाली आणि ओठावरचा फेस पुसला.

"मैत्रिणीच हाईत की त्या, मावशी," बाप म्हणाला. मी निवांत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग नातीला माझा आवाज काढून म्हणत होता, सांभाळून घे गं बाळ. जिन्यावर, मधल्या सुट्टीत, गेटपाशी. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच दिसलं की ती आली आणि न्हाणीत गेली नाही. दप्तर ठेवलं आणि थोरलीचं दावं सोडलं.

"नदीवर धुवून आणतो," म्हणाली.

मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि पुढची थापता येईना. थंडीच्या दिवसांत, ऊन उतरताना, म्हैस कोण धुतं? तवा तसाच ठेवून निघाले. गुडघे दुखतात, पळता येत नाही. घाटाच्या उतारावर माणसं विचारत होती, काय झालं मावशी. मी चालतच राहिले.

ती कमरेपर्यंत पाण्यात होती, पाठ माझ्याकडं.

"काय करतीस?" मी पायरीवरून विचारलं. आवाज चढू दिला नाही.

"म्हशीला धुतोय."

म्हैस काठावर उभी होती. कोरडी.

मी लुगड्यासकट पाण्यात उतरले, तिची वेणी मुठीत धरली आणि तशीच तिला बाहेर आणली. घर येईपर्यंत वेणी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेले नाहीत. आम्ही तिघं शाळेत गेलो आणि सगळं सांगितलं, नदीचंही. मोठ्या बाईंनी त्या पोरींना बोलावलं, त्यांच्या आईबापांना बोलावलं. त्या बापानं माझ्याकडं बघितलं नाही. कट्ट्यावर तो पुन्हा आलाही नाही. नातीला आता सून दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेते.

आता कुणी काही म्हणत नाही, असं नात सांगते. खरं असेलही. वजरी मी फेकून दिली. न्हाणीची आतली कडी काढून टाकली. दाव्याला अशी गाठ मारते की पोरीच्या बोटांनी सुटू नये. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला की मी हाक मारते. तिला राग येतो. येऊ दे.

कट्ट्यावर ती पुन्हा येते. कासेवरून हात फिरवते, तेव्हा मी आधी सडाकडं बघते, मग तिच्या तोंडाकडं. काही दिवस बरे गेले. काल थोरलीनं पुन्हा दूध चोरलं.

मी ग्लास खाली ठेवला आणि नातीचा हात धरला. गार.

"कोण काय बोललं आज?"

"कोण न्हाय."

"मावशी, हुतंय का न्हाय?" गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा की पावणं," मी म्हटलं आणि हात सोडला नाही.