मागच्या बाकावरून दिसलेला रस्ता

उटनूरच्या एजन्सी कचेरीत, म्हणजे आदिवासी भागाच्या सरकारी कचेरीत, महिपत ड्रायव्हर म्हणजे जंगलातल्या वाटांचा माणूस. तो नोकरीला लागला तेव्हा आतल्या गुड्यांना, गोंडांच्या वाड्यांना, रस्ते असे नव्हतेच. बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, आणि पावसाळ्यात त्याही वाहून जायच्या. तामसीकडच्या एका खेड्यात लोकांच्या शेतात राबणाऱ्या बापाचा हा मुलगा सातवीपर्यंत शिकला आणि आदिलाबादच्या एका गॅरेजात गाड्या धुता धुता चालवायला शिकला. पुढे जीप हातात आली ती सुटलीच नाही. साहेब आले, गेले. कुणी तेलुगू बोलायचे, कुणी उर्दू. महिपत सगळ्यांना आपल्या मराठीतच उत्तर द्यायचा आणि ते त्यांना कळायचंही. नाल्याच्या कोणत्या बाजूला खडक आहे, कुठल्या चढावर आधीच गिअर पाडायला हवा, हे त्याच्या हातापायांना ठाऊक होतं.

साहेबांपेक्षाही त्याला दुसऱ्या फेऱ्या जास्त आठवायच्या. एखाद्या गुड्यावर बाई अडली की निरोप यायचा. साहेबांची परवानगी घ्यायची, मागच्या बाकावर घोंगडी टाकायची, बाईला आणि तिच्या सासूला बसवायचं आणि दवाखाना गाठायचा. अशा कितीतरी बायका त्याने आणल्या. कुणाकुणाची पोरं मोठी होऊन बाजारात त्याला रामराम घालायची. "माह्या गाडीत कोणाले काई झालं नाई," हे तो निवृत्तीच्या निरोप समारंभातही बोलला होता, आणि ते खरंही होतं.

त्याच्या बायकोला, विठाबाईला, मात्र त्या सरकारी जीपमध्ये एकदाही बसायला मिळालं नाही. "गाडी सरकारची हाय, आपली नाई," म्हणून तो बाजूने धूळ उडवत निघून जायचा आणि अंगणवाडीत कामाला असलेली विठाबाई डोक्यावरचं गाठोडं सावरत चालत राहायची. रागावायची नाही. फक्त घरी आल्यावर लुगड्यावरची धूळ त्याच्यासमोर झटकायची.

निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने एक जुनी जीप घेतली. एका ठेकेदाराची होती, आखूड, उंच, वर पत्र्याचं छप्पर ठोकलेली. सगळीकडून काटकोनात कापल्यासारखी. विठाबाईने पाहिल्याबरोबर म्हटलं, "हे तं धान्याची पेटी हाय चाकं लावलेली." तेव्हापासून घरात जीपचं नाव पेटीच पडलं. महिपतने इंजिन उघडलं, ब्रेक नवे घातले, मागच्या समोरासमोरच्या दोन लांब बाकांवर नवं रेक्झिन चढवलं. शनिवारी बाजार, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला, पेटी हजर. विठाबाई आता पुढे बसायची, आणि जुन्या ओळखीच्या बाया रस्त्यात दिसल्या की मुद्दाम थांबवायला लावायची.

९४ सालच्या पावसाळ्याच्या शेवटी नागपूरहून जावई आला. हिवराज त्याचं नाव, एका कचेरीत कारकून, शांत स्वभावाचा. बातमी आनंदाची होती. एकुलत्या एक मुलीला, रत्नमालेला, सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायला या, एवढं सांगून तो दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेला.

विठाबाई म्हणाली, "यष्टीनं आणू. आदिलाबादले बदलून घेऊ."

"यष्टीत? तेवढ्या गर्दीत?" महिपत जवळजवळ दुखावला. "घरी गाडी असून लोकाच्या धक्क्यात कायले आणाची? मागं गादी टाकतो. आडवी होऊन येईल आरामात."

"अवो, जंगलातली गाडी हाय ते. गुड्यावर जाणं निराळं अन् दिवसभर हायवेनं जाणं निराळं."

"हायवे तं गुळगुळीत रस्ता. जंगलात जे गाडी चालली ते हायवेवर काऊन नाई चालणार?"

 पण विठाबाईने एक केलं. निघायच्या दिवशी ती पुढे बसलीच नाही. मागच्या बाकावर गादी टाकली होती, तिच्यावर जाऊन बसली. "पोरीले आणाच्या आधी मी बसून पाह्यते," म्हणाली.

गुडीहत्नूरला पेटी हायवेला लागली आणि महिपतने सवयीने खिडकीतून हात बाहेर काढून वारा चाचपला. सकाळ छान होती. दोन्ही बाजूंना कापूस कमरेएवढा, ज्वारी निसवायला आलेली. पण हायवेवर आल्याबरोबर त्याला एक गोष्ट जाणवली. जंगलात तो एकटा असायचा. इथे मागून भोंगे वाजत होते. लांबच लांब ट्रक बाजूने जायचे आणि त्यांच्या वाऱ्याने पेटी अशी हलायची की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवावं लागायचं. वेग वाढवला की पत्रा इतका वाजायचा की विठाबाई मागून काय म्हणते ते ऐकू येईना. वेग कमी केला की मागचे भोंगे. मग एकदा मान वळवून तो ओरडला, "काय म्हणून राह्यली?"

"काई नाई," ती ओरडली. "समोर पाहा!"

पैनगंगेचा पूल ओलांडला, पांढरकवड्याला चहा घेतला. विठाबाई उतरली ती दाराला धरूनच उभी राहिली. कंबर सरळ करायला तिला वेळ लागला.

"कमर गेली माही," ती म्हणाली.

"तुले सवय नाई," महिपत म्हणाला. "दोन दिसात बरं वाटन." आणि त्याने टायरवर लाथ मारून हवा पाहिली. त्याला खरोखरच वाटत होतं की हिला सवय नाही.

नागपूरला पोचले तेव्हा रत्नमाला दारातच उभी होती. आईला वाकून चालताना पाहून तिचं हसू मावळलं. हिवराजनेही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो हळूच म्हणाला, "मामाजी, गाडी छान ठेवली तुमी. मले एक चक्कर मारू द्या न. बुटीबोरीपर्यंत जाऊन येऊ."

"चला की."

"पण तुमी मागं बसजा. गादीवर. रत्नमाला झोपणार हाय तसं."

महिपत हसला. जावयाची गंमत म्हणून मागे चढला, आडवाही झाला. आणि गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा जीपच्या मागच्या बाजूला आहोत. इतकी वर्षं गाडी धुवायला, पुसायला, पंक्चर काढायला तो मागे चढला होता, पण चालत्या गाडीत कधीच नाही.

हायवेला लागल्यावर हिवराजने वेग घेतला, तसा महिपत उठून बसला. तो काही वाईट चालवत नव्हता. महिपत कान देऊन ऐकत होता, गिअर वेळेवर पडत होते. तरी पहिल्याच खड्ड्याला महिपतचं डोकं छपराच्या पत्र्याला लागलं, कारण खड्डा येतोय हे त्याला कळलंच नव्हतं. पुढे बसलेला माणूस खड्डा आधी पाहतो, पाय रोवतो, अंग आवरतो. मागे खड्डा न सांगता येतो. बाजूने ट्रक गेला की पेटी एका अंगाला कलायची आणि तो आडव्या बाकावरून घसरायचा. मागच्या छोट्या काचेतून रस्ता उलटा पळत होता, झाडं मागे मागे जात होती, आणि थोड्याच वेळात महिपतला, जन्मभर गाडीतच राहिलेल्या महिपतला, गाडी लागली.

त्याने आधाराला छपराची सळई धरली. आणि ती सळई धरल्यावर त्याला जंगूबाई आठवली. मार्लवाईकडच्या कुठल्याशा गुड्यावरची ती गोंड बाई, कळा लागलेली, सरकारी जीपमधली अशीच सळई दोन्ही हातांनी धरून बसलेली. तो पुढून तिला म्हणत होता, "झालं बाई, आलंच आता," आणि ती काहीच बोलत नव्हती. तिला मुलगा झाला, सगळं नीट झालं. पण ती का बोलत नव्हती हे त्याला आज उमगलं. दात आवळून धरल्यावर माणूस बोलणार कसा?

"जावईबापू!" त्याने पुढच्या पत्र्यावर थाप मारली. "थांबवा! थांबवा गाडी!"

हिवराजने एका चहाच्या टपरीजवळ गाडी बाजूला घेतली. महिपत उतरला, कडुनिंबाखालच्या बाकड्यावर बसला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. हिवराज शेजारी येऊन बसला. त्याने दोन चहा मागवले.

चहा अर्धा झाल्यावर महिपत म्हणाला, "नाई जमत."

"काय, मामाजी?"

"पोरीले यात न्यायचं नाई जमत. तिची माय बोलत होती, मीच ऐकलं नाई." त्याला स्वतःचंच हसू आलं. "आजवर लोक म्हणत आले, महिपत ड्रायव्हर लय चांगला. मागं बसणाऱ्याले कोणी इचारलंच नाई."

हिवराजही हसला. मग दोघांनी आणखी एक एक चहा मागवला आणि परतीच्या वाटेत महिपत पुढे बसला, पण स्टिअरिंग हिवराजकडेच राहू दिलं.

घरी रत्नमाला आधी रुसली. तिला उटनूरचं घर हवं होतं, मागच्या दारची आंबाडी हवी होती, आईच्या हातची भाकर हवी होती. विठाबाईने तिची समजूत घातली. "आंबाडी इथंबी भेटते. अन् भाकर करणारी मी इथंच राह्यतो." असं ठरलं की बाळंतपण नागपूरलाच करायचं, विठाबाई तिथे थांबेल, आणि बाळ जरा मोठं झालं की माय-लेकीला आणायचं.

महिपत एकटाच परत आला. रिकाम्या घरात त्याला करमेना, म्हणून तो पेटीच्या मागे लागला. दोन्ही आडवे बाक उपटले. आदिलाबादच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या बसची दोन जोड सीट आणून पुढे तोंड करून बसवली, पाठ टेकेल अशी, पाय जमिनीला पुरतील अशी. चाकांवरच्या कमानीचा, स्प्रिंगचा, एक पाटा काढून टाकला, म्हणजे उसळी कमी होईल. छपराला आतून जाड कापड लावलं. आणि प्रत्येक बदलानंतर शेजारच्या दादाजीच्या हातात स्टिअरिंग देऊन तो स्वतः मागे बसायचा आणि नेरडीगोंड्यापर्यंत जाऊन यायचा. दादाजी भित्रा ड्रायव्हर होता, गाडी हळू हाकायचा. महिपत मागून ओरडायचा, "जोरानं घे! जोरानं घेतल्याबिगर मले कळन कसं?"

डिसेंबरात रत्नमालेला मुलगी झाली. फेब्रुवारीच्या शेवटी, पळस फुलला तेव्हा, महिपत त्यांना आणायला गेला.

या खेपेला रत्नमाला बाळाला घेऊन पुढे बसली आणि विठाबाई मागच्या नव्या सीटवर. खड्डा दिसला की महिपत आधी सांगायचा, "आला," आणि मागून विठाबाई म्हणायची, "येऊ द्या." ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले, त्याने हात दाखवून त्यांना पुढे जाऊ दिलं. हिंगणघाटला थांबले, पांढरकवड्याला थांबले, नदी ओलांडल्यावर एका शेताच्या बांधावर सतरंजी टाकून जेवले. बाळ बहुतेक वेळ झोपूनच होतं. जी वाट बस दुपारपर्यंत संपवते, तिला पेटीने अख्खा दिवस लावला.

बांधावर जेवताना महिपतने विचारलंच. "आता सांग. लंब्या रस्त्याची हाय का गाडी?"

विठाबाईने खरं तेच सांगितलं. "हायवेची नाई ते. अजून पत्रा वाजते, अजून हलते. ज्याले घाई हाय त्यानं यष्टीनं जावं." मग पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "पण आपल्याले कुठं धावाचं हाय? मले चालते. पुढच्या साली हैदराबाद दाखवा मले हिच्यातूनच. दोन दिस लागले तं लागले."

"दोन दिस?" रत्नमाला म्हणाली. "बाबा, तुमाले तीन लागतील."

महिपत हसला. त्याला राग आला नाही. उलट निर्मलच्या घाटात कुठे थांबायचं, कुठे सावली आहे, याचा विचार तो तिथेच करू लागला.

दिवस कलता कलता ते उटनूरला पोचले. दादाजीची बायको पाण्याची बादली आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी होती, तो तिने बाळ-बाळंतिणीवरून ओवाळून टाकला. शेजारपाजारच्या बाया जमल्या. जिला तिला बाळ घ्यायचं होतं. महिपत गाडीतलं सामान उतरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमाला उशिरापर्यंत झोपली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अंगणात महिपत नातीला मांडीवर घेऊन उन्हात बसला होता, आणि ती त्याचं बोट घट्ट धरून त्याच्या मिशीकडे टक लावून पाहत होती.