तिच्या वतीने दिलेलं उत्तर

चौसाळ्याच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. 'टायर्ड'च्या जवळचे शब्द शिकवताना फळ्यावर पायऱ्या काढतो. वरच्या पायरीवर 'टायर्ड', झोपलं की जातं ते. त्याखाली 'वेअरी', त्यात मनही उबगलेलं असतं. तळाशी 'एक्झॉस्टेड', म्हणजे अंगात काहीच उरलेलं नाही. परीक्षेत एकाच्या जागी दुसरा लिहिला तर अर्धा मार्क कापतो.

घरी बायको असेच शब्द रोज बोलत होती. खुरपून आली की म्हणायची, "शिणले." भावाच्या घरी लग्नात चार दिवस राबून आली तेव्हा, "अंग आंबून गेलंय." मग एका हिवाळ्यात हंडा आणताना ती अर्ध्या वाटेवर थांबायला लागली. म्हणायची, "नुसतं बसले तरी गळाल्यावानी हुतंय." मी पेपरातून डोकं न काढता "बरं" म्हणायचो.

शेवटी नेकनूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय होतंय, ताई?" तिने पदर सारखा केला, तोंड उघडलं. पण आमच्याकडे बाईचं दुखणं नवराच सांगतो. मी म्हणालो, "विशेष काही नाही, थकते जरा." ताकदीच्या गोळ्या मिळाल्या.

परतताना मोटारसायकलवर ती मागून म्हणाली, "अवो, थकल्यावानी न्हाई ते."

"मग कशावानी? दहावीचा पेपर द्यायलीस का?"

ती हसली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरात कोसळली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे. आधी आला असता तर सोपं होतं, आता ऑपरेशन केलं तरी खात्री देता येत नाही. मग त्यांनी तिला विचारलं, "सुरुवातीला नेमकं काय व्हायचं?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. बोल, मनात म्हणत होतो, आता तरी तू बोल.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा की. तुमाला नीट सांगता येतंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर पेन धरून थांबले होते. मी हंड्याचं सांगितलं, गळाल्यासारखं व्हायचं तेही सांगितलं.

"तेव्हा छातीत धडधडायचं? धाप लागायची?"

मी तिच्याकडे वळलो. इतक्या दिवसांत मी तिला हे विचारलंच नव्हतं.