पुड्या-बिड्या नाही ना घेत?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला वॉर्डात जा, पेशंटला काय होतंय ते विचारून त्याची हिस्ट्री लिहून घ्या, रोज एखादा पदरात पडतोच! कॅन्टीनमध्ये आणि मग दिघ्याला घरी जेवताना मी ते नकला करून सांगते. आई तर हसता हसता हातातला घास खाली ठेवते.

*

उरणचे एक मामा, पाय सुजलेले. मी विचारलं, "पुड्या-बिड्या नाही ना घेत?"

"नाय, नाय!"

राउंडला आमच्या युनिटच्या हेड मॅडम आल्या. "मामा, आमच्या गोळ्यांबरोबर आणखी काय काय चालू आहे?"

मामांनी उशीखालून वैदूच्या, किडनीची वाट लावणाऱ्या तीन पुड्या काढल्या!

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू प्रश्न नाही विचारलास, दम दिलास!" अख्खी बॅच हसली. मीही हसले.

*

माझा बॅचमेट प्रणित. होमिओपॅथी म्हटलं की "साखरेच्या गोळ्या!" म्हणून टाळी मागणारा. व्हायवाच्या दिवशी रुमाल काढताना त्याच्या खिशातून एक छोटी बाटली पडली. आत त्याच पांढऱ्या गोळ्या!

"यात काही नसतं, माहितीये मला," तो म्हणाला, "पण हात थरथरायचे थांबतात यार!"

मी चार मागून घेतल्या. मलाही घाम फुटला होता.

*

प्रणितच्या भावाला कावीळ झाली, तेव्हा सारसोळ्याच्या त्याच्या आजीने भावाच्या गळ्यात काविळीची माळ घातली. प्रणितने लिव्हरपासून इन्फेक्शनपर्यंत सगळं लेक्चर झाडलं. आजी मासे साफ करत ऐकत होती.

"मंग तुज्या बुकान काविलीची गोली हाय का?"

"तशी... नाही. आराम करायचा."

"मंग माल घालून करूदे की आराम!"

*

गेल्या महिन्यात आईचे पाय सुजले. किडनीचा रिपोर्ट खराब आला. बीपीची गोळी वेळेवर, पथ्य नीट, मग झालं कसं? घरी मी तीनदा विचारलं, "पुड्या-बिड्या नाही ना घेत?"

"वेडी का तू?" तिन्ही वेळा आई म्हणाली.

तिला आमच्याच वॉर्डात ॲडमिट केलं. घरच्या माणसाची हिस्ट्री आपण घ्यायची नाही, म्हणून प्रणित बसला. मी पडद्यामागे उभी होते.

"मावशी, आमच्या गोळ्यांबरोबर आणखी काय काय चालू आहे?"

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"गुडघ्यांसाठी घेते. सहा महिने झाले. पण पोरीला सांगू नका हां. ती जेवताना असल्या लोकांचे किस्से सांगते."