अर्धी गोळी जावेला

स्वारगेटवरून भोरची एसटी सुटली तेव्हा पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. शेजारच्या काकांनी न विचारता त्यातलं एक ओढून घेतलं. वाचलं, नीट घडी घातली आणि खिडकीची काच खडखडत होती, तिच्या फटीत कोंबलं. काच वाजायची थांबली. म्हटलं, चला, सुरुवात तर उपयोगी झाली.

पत्रकावर मथळा होता : ‘प्रयोगात या, पण विचारून या.’ मधुमेहावरची नवी औषधं, किंवा मधुमेह होऊच नये म्हणून द्यायची औषधं, आधी माणसांवर तपासून पाहावी लागतात. त्यासाठी स्वतःहून पुढे येणारी माणसं लागतात. आमचा पुण्यातला छोटासा गट हेच सांगत फिरतो. ‘पुढे या’ म्हटलं की लोक आम्हाला कंपनीचे दलाल म्हणतात. ‘आधी प्रश्न विचारा’ म्हटलं की डॉक्टर आम्हाला विघ्नसंतोषी म्हणतात. मला दोन्ही चालतं.

भोरला पहिली बैठक वाचनालयात होती. जमलेले बहुतेक निवृत्त : कुणी बँकेतले, कुणी कचेरीतले. माझं बोलून झाल्यावर पहिल्या रांगेतले एक आप्पा उठले. खिशातून डबी काढली, मधुमेहावरची गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, “आम्ही काय उंदीर आहोत, आमच्यावर प्रयोग करायला?”

“आप्पा, आत्ता गिळलीत ती गोळीही आधी कुणीतरी खाऊन बघितली होती.”

“असेल. डोंगरातली माणसं आहेत ना, त्यांना विचारा तुम्ही. काटक असतात.”

दोघे-तिघे हसले. मी हसले नाही. औषध सगळ्यांना हवं, ते तपासायला शरीर मात्र दुसऱ्याचं हवं! ही वृत्ती मला पुण्यातही भेटते, फक्त तिथे ती इंग्रजीत बोलते.

मधुमेह टाळण्याच्या एका औषधाचा असाच प्रयोग भोरमध्ये चालू होता. नदीकडच्या आळीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचं केंद्र. तिथल्या डॉक्टरबाई तरुण, चटपटीत. आमच्या पत्रकासाठी प्रयोगात सामील झालेल्या एखाद्या बाईंशी बोलता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी राजगडाखालच्या गुंजवणे गावाच्या वरच्या वस्तीत फोन लावला, समोरून होकार घेतला आणि मग अभिमानानं नाव सांगितलं : हिराबाई.

“साखर अगदी काठावर आहे त्यांची. रोज एक गोळी. इतक्या लांबून येतात, पण रिकामी पाकिटं बरोबर मोजून परत. अशी शिस्त इथल्या आळीतल्या लोकांनाही नाही.”

सकाळी निघाले. भाटघरच्या धरणाची भिंत मागे पडली, नसरापूरला गाडी बदलली, मार्गासनीला उतरून वडाप (सहा जणांच्या जीपमध्ये बारा जण) पकडलं. दोन्ही बाजूंना भात झोडणी चालू होती, आणि पेंढ्याचा वास थेट जीपमध्ये. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना मी पत्रक दिलं. त्यांनी ते हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं गुंजवणीच्या धरणाचं पाणी दाखवलं.

“त्या पाण्याखाली आमची जमीन हाय. तवाबी असंच कागद दिलं व्हतं, ताई. ‘हितं सही करा, समदं भल्याचंच हाय.’”

“बाबा, यात सही करू नका असंच लिहिलंय. आधी विचारा, मग करा.”

“मंग हे आदी का न्हाई आणलं?” बाबा म्हणाले आणि जीपमधले अकरा जण माझ्याकडे असे बघू लागले, जसं काही धरण मीच बांधलं होतं.

गुंजवण्यातून वर चढ. डोक्यावर राजगड, पायाखाली घसरती मुरमाड वाट. वस्ती म्हणजे पाच-सहा घरं, पुढे वाडगं (मेंढरांचं काटेरी कुंपण) आणि दोन कुत्री, ज्यांना पुण्याची माणसं आवडत नसावीत. हिराबाईंनी त्यांना हाकललं. चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला मोकळ्या. आत त्यांच्या थोरल्या जाऊबाई, सगुणाबाई, बसल्या होत्या. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

“प्रयोगात का गेलात?” मी विचारलं.

“माजी आय ह्याच साखरंनं आंधळी झाली. शेवटी मला हातानं चाचपून वळखायची. म्हनलं, आपल्या रगतावर कुनाचं तरी ध्यान असलेलं बरं. आन माज्या पोरींच्या येळंपतुर औशद निगालं तर निगालं.”

एवढं सरळ उत्तर मी आमच्या एकाही पत्रकात लिहू शकले नव्हते. माणसं समजून-उमजून पुढे येतात याचा पुरावा हवा होता तो मिळाला, असं मला वाटलं.

जेवायला नाचणीची भाकरी, वालाचं कोरड्यास (पातळ कालवण) आणि ताक. जेवण झाल्यावर हिराबाईंनी अडकित्ता काढला. मला वाटलं, आता सुपारी येणार. त्यांनी पाकिटातून गोळी काढली, अडकित्त्यात धरली आणि कट्कन फोडली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. सगुणाबाईंनी हात पुढे केला, तशी हिराबाईंनी उरलेली अर्धी त्यांच्या तळव्यावर ठेवली.

“हे काय?” मी जवळजवळ ओरडलेच.

“हळू, ताई. कुत्री येत्यात.”

“ही गोळी तुमच्या एकटीची आहे!”

“आमच्यात एकटीचं काय नसतंय. भाईरनं काय आलं की वाटून खायाचं. एकटीनं खाल्लं तर अंगी लागत न्हाई. आन आक्काला तर साखर हायच की. मला हुईल का न्हाई, तेबी ठावं न्हाई.”

“सगुणामावशी, तुमच्या स्वतःच्या गोळ्या?”

“सरकारी व्हत्या, येल्ह्याच्या दवाखान्यातल्या. सोडल्या. ही पुन्याच्या मोट्या डाक्टरांची,” सगुणाबाई म्हणाल्या. “अर्धीबी लई झाली.”

मी फडकं सोडायला लावलं. मेंढरांमागे जाताना दगड लागला होता. जखम जुनी झाली तरी ओलीच होती, आणि कडा काळपट.

मग मी त्यांना सांगितलं. या प्रयोगात काही जणांना खरं औषध मिळतं, काही जणांना नुसती पिठासारखी, औषध नसलेली गोळी. दिसायला दोन्ही सारख्याच. औषधानं खरंच फरक पडतो का, ते कळावं म्हणूनच तसं करतात. म्हणजे सगुणाबाईंनी चालू औषध सोडून कदाचित अर्धं पीठ खाल्लं होतं.

हिराबाई म्हणाल्या, “सांगितलं व्हतं तसं कायतरी. पर लई भरभर वाचलं. आन वाटू नगा, असं कुनीच न्हाई म्हनलं.”

मला संताप आला. संमतीची इतकी पानं वाचून दाखवली, आणि ज्या घरात गोळी जाणार तिथे माणसं कशी जेवतात, हे एकानंही विचारलं नाही!

“हे केंद्रावर सांगावं लागेल,” मी म्हटलं.

“मला काडून टाकतील?”

खोटं बोलणं सोपं होतं. “माहीत नाही,” मी म्हटलं. “पण आज मी फोन केला तर तो फक्त मावशींच्या पायाविषयी. गोळीचं तुम्ही सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

हिराबाईंनी जावेच्या अंगठ्याकडे बघितलं. मग उठून दोरीवरचं लुगडं ओढलं. “आक्का, उद्या भोरला जायाचं.”

“माज्यापायी तुजं नाव कटलं तर?”

“पाय कटन्यापरीस बरं.”

रात्री मी वस्तीवरच राहिले. दुसऱ्या दिवशी केंद्रात, त्या वरच्या मजल्यावर, हिराबाईंनी सगळं सांगितलं, अडकित्त्यासकट. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. पण रागावल्या नाहीत, हे मान्य करते. आधी सगुणाबाईंच्या बोटातून रक्त घेतलं. साखर भलतीच वाढलेली. खालच्या दवाखान्यात जखम धुतली, पट्टी केली, सरकारी गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या आणि म्हणाल्या, “अजून उशीर केला असता तर अंगठा गेला असता.” मग पुण्याला, प्रयोगाच्या मुख्य डॉक्टरांना फोन. आम्ही बाकावर. हिराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

फोन ठेवून डॉक्टरबाई म्हणाल्या, “झालं ते नोंदवून ठेवू. तुम्ही प्रयोगात राहायचं. पण पुढे एकटीनं घ्यायची. कबूल?”

“कबूल. पर एक सांगा, माजी गोळी खरी हाय का पिठाची?”

“मलाही माहीत नाही. प्रयोग संपेपर्यंत आम्हालाही सांगत नाहीत.”

हिराबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. “ऐकलंस का, आक्का? डाक्टरीनबाईबी आपल्यागतच!”

मी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरबाईंना सुनावलंच : कागद वाचून दाखवण्यापूर्वी त्या माणसाच्या घरी जाऊन या. “येईन,” त्या म्हणाल्या. बघू.

भोरच्या स्टँडवर माझी गाडी आधी लागली होती. त्या दोघी बाकावर शिदोरी सोडून बसल्या. भाकरी खाल्ली. हिराबाईंनी नवं पाकीट काढलं, आणि सवयीनं सगुणाबाईंचा हात पुढे आला. हिराबाईंनी अख्खी गोळी तोंडात टाकली. चेहरा असा झाला, जसं काही चोरी केली.

“ही न्हाई, आक्का. तुजी तुज्या पिशवीत हाय.”

सगुणाबाईंचा हात तसाच राहिला. हिराबाईंनी उरलेली भाकरी मोडली, मोठा तुकडा त्या हातावर ठेवला आणि तो हात आपल्या हातानं मिटवला.

गाडी सुटली. कापूरहोळ येईपर्यंत मी उरलेल्या पत्रकांवर पेनानं एक ओळ लिहीत होते : ‘गोळी तुमची एकटीची, ती वाटली तर दोघांचंही नुकसान.’ गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. या ओळीखाली खरं तर हिराबाईंचं नाव हवं. पण त्यांना विचारलं नव्हतं.