उशाची पिशवी

आमच्या मेकॅनिकला 'नाही' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. गिऱ्हाईक काहीही सांगो, तो पान्याने कान खाजवत 'व्हय' म्हणायचा. मात्र 'व्हय' लांबला, की आपलं काहीतरी चुकतंय हे समजावं.

मी डॉक्टर. तिसगावचे पेशंट नगरला लवकर पोचावेत म्हणून मी फियाटला दोन कार्बोरेटर बसवून घेतले होते. पण वेग घेताना इंजिन हलायचं. म्हणून इंजिनाखाली लावायला मी पुण्याहून शर्यतीच्या गाड्यांची टणक रबरं आणली. त्याने ती नखाने दाबून पाहिली, "व्हऽऽय" म्हणाला आणि बसवली.

मग हात पुसून, एक पिशवी उशाला घेऊन मागच्या सीटवर पेशंटसारखा आडवा झाला. "चला डॉक्टर, नागापूरपत्तूर."

गाडी सुसाट गेली. इंजिन तसूभर हललं नाही. बाकी सगळी गाडी मात्र हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती.

नागापूरला मी ऐटीत विचारलं, "कशी आहे?"

तो पोट धरून उठला. "व्हऽऽय, लई पळती! फकस्त पेशंटला चालत यायला सांगा."

आणि त्याने उशाची पिशवी उघडली. आत मऊ रबरं होती.