न्यूझीलंडचं दक्षिणमुखी घर

माझ्या मुलाने न्यूझीलंडमध्ये पसंत केलेलं घर मी माले गावातल्या माझ्या ओट्यावर बसून, चहा संपायच्या आत, उलटं फिरवलं होतं.

अख्खं घर, पायासकट. (एकही मजूर लावावा लागला नाही.)

त्याचं असं झालं, की आमचा सागर तिकडे नोकरीला गेला, लग्न करून प्राजक्तालाही घेऊन गेला, आणि पाडवा झाल्यावर एकदा फोनवर म्हणाला, "अप्पा, घर बघितलंय. नवं कोरं. बांधणाऱ्यानं उद्या संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवलंय. तुम्ही बघा, हो म्हणा, मग सही करतो." आधीची दोन घरं त्याच्या हातची गेली होती. भाड्याच्या घराला ओल आलेली, सून कंटाळलेली. हेही गेलं असतं तर पोरं खचली असती.

तिकडे घर घेतलं म्हणजे पोरगं तिकडचंच झालं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. वाईट वाटलं, लपवत नाही. पण पोराने आपणहून विचारलं होतं. आजकाल कोण विचारतं? दुसऱ्या दिवशी पहाटे मी इस्त्रीची टोपी घातली आणि व्हिडिओ कॉलला बसलो.

आता दिशा म्हटलं की माले आणि आसपासच्या वाड्यांत माझा शब्द चालतो. कुणाला पाया खणायचा असो, गोठ्याचं दार ठेवायचं असो, मला नेतात. मी वर बघतो, सावली बघतो, हात करून दाखवतो आणि चहा पिऊन घरी येतो. होकायंत्राला मी आजवर हात लावलेला नाही.

फोन लागला. आमच्याकडे डोंगराआड अजून झुंजूमुंजू आणि तिकडे टळटळीत दुपार. मी तिथेच अर्धा गार पडलो. एकाच फोनमध्ये इकडे पहाट आणि तिकडे दुपार मावते कशी?

"ही बैठकीची खोली, अप्पा," सागर फोन फिरवत म्हणाला.

"भिंती कशाच्या हायेत?"

"लाकडाच्या. आत लोकरीसारखं भरतात, थंडी येत नाही."

"भिंतीला गोधडी?" माझी बायको कुसुम मागून म्हणाली.

खिडकीला दोन-दोन काचा, मधे नुसती हवा कोंडलेली. नळाला गरम पाणी, आणि बंब कुठे दिसेना. मग सागरने गाडीच्या खोलीचं दार दाखवलं. ते आपलं आपण वर गेलं. कुसुमने झटकन डोक्यावर पदर घेतला.

"कोण आलं?" तिने हळूच विचारलं.

"कुणी न्हाई. दार हाय ते."

"मग उगाडलं कुणी?"

मला तरी कुठे माहीत होतं! मी नुसता मान हलवत होतो. आपल्या पोटचा पोरगा त्या घरात चपला काढून, मोज्यांवर, जपून पावलं टाकत हिंडत होता. मला लई कौतुक वाटलं.

"आता मोठ्या दारात उभा राहा," मी म्हणालो. "त्वांड बाहेर."

सागर उभा राहिला. समोर हिरवळ, रस्ता, आणि बरोबर दारासमोर आभाळात दुपारचा सूर्य. त्याचं ऊन सरळ उंबऱ्यातून आत आलेलं.

माझा कप हातातच राहिला.

"सागर, घर घिऊ नको."

"का?"

"दार दक्षिणंला हाय."

"उत्तरेला आहे, अप्पा. मोबाइलमधलं होकायंत्र बघितलंय मी."

"दुपारचा सूर्य कुटं आसतो? दक्षिणंला कललेला. तुझ्या दारासमोर काय हाय? सूर्य. मग दार कुटं झालं? मोबाइल काय सूर्यापेक्षा शाना हाय व्हय?"

मी नको म्हटल्यावर सागर सही करणार नाही, हे मला माहीत होतं आणि प्राजक्तालाही. तिचा चेहरा उतरला. मग तिने फोन हातात घेतला. कोथरूडची मुलगी ती, आवाज न चढवता भांडते.

"अप्पा, आम्ही हे घर पहिल्यांदा बघायला सकाळी आलो होतो. तेव्हा सूर्य नुकता उगवला होता आणि ऊन स्वयंपाकघरात येत होतं. स्वयंपाकघर दारात उभं राहिलं की उजव्या हाताला."

मी उठलो. अंगणात दक्षिणेला तोंड करून उभा राहिलो. उजवा हात लांब केला. हात गेला पश्चिमेला. पुन्हा केला. पुन्हा पश्चिमेलाच. अंगावर काटा आला माझ्या.

"कुसुम," मी म्हणालो, "तितं सूर्य पश्चिमंला उगवतोय."

ती काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून दत्तू म्हणाला, "काय सांगता अप्पा?" दत्तू आमचा शेजारी. दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाला होता. मी त्याला सगळं सांगितलं. (आता वाटतं, निदान दूध घालून परत येईपर्यंत थांबायला हवं होतं.) प्राजक्ता फोनवरून "अप्पा, अप्पा, ऐका तरी" म्हणत होती, पण एवढी मोठी गोष्ट कळल्यावर माणूस ऐकतो थोडाच? थोड्या वेळात दत्तू रिकामी किटली घेऊन धापा टाकत परत आला.

"अप्पा, डेअरीवर समदे थांबल्यात. गुरुजी इचारत्यात, तितं वास्तुशांतीचा पाट कुटल्या त्वांडानं मांडायचा?"

"त्येचाच इचार करतुया," मी म्हणालो.

तेवढ्यात प्राजक्ता म्हणाली, "आई, तुम्ही तरी ऐका. सूर्य तुमच्या आणि आमच्या मधे आहे. तुम्ही त्याला बघायला दक्षिणेकडे तोंड करता, आम्ही उत्तरेकडे."

मला ओ की ठो कळलं नाही. कुसुम मात्र अंगणातल्या चुलीकडे बघत उभी राहिली. चुलीवर आंघोळीचं पाणी होतं, शेजारी घंगाळ.

"तुमी तिकडं व्हा," ती मला म्हणाली. मी चुलीच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. "ह्यो इस्तू म्हंजी सूर्य. घंगाळ तुमच्या कंच्या हाताला हाय?"

"डाव्या."

"माज्या उजव्या. घंगाळ हाललं का?"

"न्हाई."

"मग? ती म्हंजी पूर्व. आनि तुमी बघताय माज्याकडं, मी बघतीया तुमच्याकडं."

इस्तवाच्या पलीकडे ती पदर खोचून उभी होती आणि मी बघतच राहिलो. सूर्य तिकडे दुसरा नव्हता. त्याच सूर्याला आम्ही या अंगाने बघत होतो आणि पोरगं त्या अंगाने. आयुष्यभर मी सूर्याकडे बघून लोकांना दिशा सांगितल्या, पण त्याच्या पलीकडे उभं राहूनही कुणी बघत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"म्हंजी पोरांचं दार..." मी म्हणालो.

"आपल्याकडं हाय," कुसुम म्हणाली आणि डोळे पुसले. म्हणाली धुरामुळे. माझ्याही डोळ्यांत तोच धूर गेला.

मी फोन उचलला. "सागर, सही कर. दार लई चांगल्या बाजूला हाय." पलीकडे प्राजक्ता हसली की रडली कळेना, कारण फोन तिच्या हातातून खाली गेला आणि बराच वेळ आम्हांला नुसतं छत दिसत होतं. छतही चांगलं होतं.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं वास्तुशांतीला गेलो. ते आपोआप उघडणारं दार बघून कुसुम आता पदर घेत नाही, उलट सारखी उघडझाप करत बसते. पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सगळ्यांसाठी चहा केला. कुसुम स्वयंपाकघरात आली, कप बघितले, आणि सुनेला म्हणाली, "आज सूर्य पश्चिमंला उगवला वाटतं."

मी गाळणी हातात घेऊन खिडकीशी गेलो, वाकून नीट बघितलं आणि म्हणालो, "न्हाई गं, पूर्वंलाच हाय."