फक्कीमामांची वीत

विद्यापीठाच्या मैदानावर धावपट्ट्या आखायचं काम फक्कीमामांकडे आलं, तेव्हा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींच्या शर्यतीच नसायच्या. एकतीस वर्षांत त्यांनी पाच क्रीडासंचालक पाहिले. चुन्याच्या फक्कीने हाताची सालटी निघाली, डोळे कायमचे लाल झाले, पण रेघ कधी वाकडी गेली नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा पन्नास मीटरचा टेप तुटला. नव्यासाठी तीन सह्यांचा अर्ज. कोण उंबरे झिजवणार? मामांनी फाटका तुकडा कापून टेप जोडला. तो नेमका त्यांच्या वीतभर कमी भरला. मग चारशे मीटरला आठदा टेप आणि आठदा वीत, हे त्यांच्या अंगवळणी पडलं.

यंदा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने चारशे मीटरचा विक्रम मोडला आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं. विक्रम पडताळायला क्रीडा मंडळाचे तपासनीस आले, तोवर दोन फुटबॉल सामन्यांत रेघा पुसल्या होत्या. त्यांनी सामानाच्या खोलीत येऊन टेपच मागितला.

"मामा, हा टेप आहे की गोधडी? सतरानंतर एकदम एकोणचाळीस! बावीस सेंटिमीटर गेले कुठे?"

"ती माझी वीत, साहेब. दर वेळी वाढवतो. सूतभरही चूक नाही."

"दाखवा वीत."

मामांनी तपासनिसांच्या पट्टीवर पंजा ठेवला, करंगळी ताणली. पुन्हा ताणली. बोटं अठरावर थांबली. सांधे कधी आखडले, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"आठदा चार, बत्तीस सेंटिमीटर कमी," तपासनीस हळूच म्हणाले. "कधीपासून?"

मामा दुसऱ्या हाताने करंगळी ओढून बघू लागले.

"कधीपासून ते ठाऊक नसेल, तर अकरा वर्षांचे सगळेच विक्रम रद्द करावे लागतील. या मुलीची वेळही."

"पोरीला पुन्हा पळवा, साहेब. तुमच्या टेपने आत्ता आखतो!"

"नावं आणि वेळा पाठवायची मुदत काल संपली, मामा. आता नवी वेळ धरणार नाहीत."

मुलगी सामानाच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही," ती म्हणाली. "ते जाऊ दे. मी पळाले ते चारशे होतं ना, मामा? तेवढं तरी सांगा."

"मला नाही सांगता यायचं, पोरी," मामा म्हणाले.